कट्ट्याच्या दोन बाजू

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले तसं डॉक्टरांनी आईला बाहेर फिरायची परवानगी दिली. पहिल्यांदा कुठं जायचं, म्हणून विचारलं. मला वाटलं सिद्धिविनायकाला म्हणेल, नाहीतर माहीमला मावशीकडे. ती लगेच म्हणाली, "पार्कात."

आम्ही ठाण्याला राहायला येऊन २१ वर्षं झाली. आमच्या सोसायटीसमोर चांगली बाग आहे. हिरवळ आहे, कारंजं आहे, पाठ टेकून बसता येईल असे बाक आहेत. ऑपरेशनच्या आधी आई तिथं रोज जायची. पण त्या बागेला तिनं कधी पार्क म्हटलेलं मला आठवत नाही. ती 'बाग'. पार्क म्हणजे दादरचं शिवाजी पार्क. दादर-माहीममध्ये वाढलेल्या माणसाला 'कुठलं पार्क?' असा प्रश्नच पडत नाही. २०२० मध्ये महापालिकेनं त्याचं नाव 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असं केलं आणि ते रीतसरच झालं. तरी संध्याकाळी घरातून निघताना माणूस म्हणतो ते एवढंच, पार्कात चाललोय.

शनिवारी सकाळी टॅक्सी करून गेलो. सेनापती बापट मार्गावरून आत वळल्यावर आईनं काच खाली केली. पार्क अजून दिसत नव्हतं, पण तिला ते कळलं होतं. त्या भागात इमारती अचानक ठेंगण्या होतात. गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या गॅलऱ्यांच्या, तीन-चार मजल्यांच्या. त्यांच्यावरून पर्जन्यवृक्षांच्या फांद्या रस्त्यावर आलेल्या. आणि मग समोर एकदम काहीच नसतं. २८ एकर काहीच नसतं.

मुंबईत वाढलेल्या माणसाला हे 'काहीच नसणं' काय वाटतं, ते सांगायला मला आमच्या खोलीपासून सुरुवात करावी लागेल.

गोखले रोडच्या मागच्या बाजूला आमची चाळ होती. खोली १० बाय १२. त्यात आजोबा, आजी, आई-बाबा, काका-काकू, मी आणि माझा भाऊ, अशी आठ माणसं. बाबा आणि काका रात्री गॅलरीत झोपायचे, पावसाळ्यात जिन्याच्या वळणावर. मोरीला पडदा होता. लुगडं बदलायचं तर कोणीतरी दुसऱ्या कोणाला हळूच बाहेर न्यायचं, आणि हे कोणाला सांगावं लागत नसे. आम्ही गरीब होतो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्या खोलीत एकट्यानं करायची कुठलीच गोष्ट करता येत नव्हती. अभ्यास नाही, भांडण नाही, रडणंही नाही. ते सगळं पार्कात व्हायचं. बाबांनी बी.कॉम.चा अभ्यास कट्ट्यावर दिव्याखाली बसून केला. काकांचं आणि त्यांच्या मित्राचं कायमचं बिनसलं तेही कट्ट्यावर. माझा दहावीचा निकाल लागल्यावर मी सगळ्यात आधी पार्काला एक फेरी मारली आणि मग घरी जाऊन सांगितलं.

म्हणून या पार्काचा जन्म कशातून झाला हे मोठेपणी वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. खोल्यांतल्या दाटीतूनच झाला होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस यांना प्लेगचा संशय आला. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर तेव्हा मुंबईत काम करत होते. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. पोटापाण्यासाठी राहावंच लागलं ते चाळींमधून मेले. रोगाचं मूळ उंदरांवरच्या पिसवांत आहे हे तेव्हा नीट सिद्ध झालं नव्हतं. सरकारला दिसत होती ती दाटी, अंधार आणि कोंदटपणा. हवा खेळती नाही म्हणून माणसं मरतात, असा समज होता. त्यातून १८९८ मध्ये कायदा होऊन 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' उभा राहिला. या ट्रस्टनं जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा शहराच्या आत शिरावा म्हणून. आणि उत्तरेला, जिथं नारळीच्या वाड्या, भातखाचरं आणि पाणथळ होतं, तिथं नवीन उपनगरं आखायला घेतली. दादर, माटुंगा, शीव. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्या आखणीतलं. दादर आज मुंबईच्या मधोमध आहे. तेव्हा ते गावाबाहेरचं होतं.

रोगाचं कारण त्यांनी अर्धवट ओळखलं होतं, पण औषध मात्र बरोबर दिलं, असं मला नेहमी वाटतं. मोकळी हवा. या कौतुकाबरोबर एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांच्या चाळी पाडल्या, त्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला ही नवीन घरं आली. भाडं परवडणारे कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर तिथं राहायला आले. शिवाजी पार्काच्या भोवतीच्या त्या गोल कोपऱ्यांच्या इमारती बहुतेक १९३० च्या दशकातल्या आणि पुढच्या. आमच्यासारखी चाळीतली माणसं त्या इमारतींत कधी राहिली नाहीत. पण त्यांच्यासमोरचं मैदान आमचं होतं. तिथं शिरायला भाडं लागत नव्हतं, सभासदत्व लागत नव्हतं, ओळख लागत नव्हती.

महापालिकेनं मैदान लोकांसाठी खुलं केलं ते १९२५ मध्ये. नाव होतं माहीम पार्क. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माला ३०० वर्षं झाली म्हणून ठिकठिकाणी उत्सव झाले. (जन्माचं साल तेव्हा १६२७ धरत. आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतं.) त्या वेळी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि माहीम पार्काचं शिवाजी पार्क झालं. अवंतिकाबाई म्हणजे चंपारणच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींच्या बोलावण्यावरून बिहारमधल्या खेड्यात शाळा चालवायला गेलेल्या बाई. गांधीजींचं मराठी चरित्र त्यांनी १९१८ मध्येच लिहिलं होतं आणि त्याला लोकमान्यांची प्रस्तावना होती. इतक्या सभा गाजलेल्या या मैदानाला नाव एका बाईनं मिळवून दिलं, हे मी लहानपणी एकदाही ऐकलं नाही. पुरुषांची भाषणं ऐकली, ऐकवली गेली. हे नाव मला तिशीनंतर कळलं आणि त्या दिवशी मी आईला मुद्दाम फोन करून सांगितलं.

दुसरी अशीच एक गोष्ट. पार्काला वेढून जातो तो केळूसकर मार्ग. पाट्यांवर उत्तर आणि दक्षिण असे त्याचे दोन भाग लिहिलेले असतात. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना कृष्णराव अर्जुन केळूसकर कोण हे ठाऊक असेल? वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, मुंबईत शिक्षकी करणारे हे गुरुजी. त्यांनी मराठीत शिवाजी महाराजांचं सविस्तर चरित्र लिहिलं. १९०७ मध्ये एक महार मुलगा मॅट्रिक पास झाला म्हणून सत्कार झाला, तेव्हा याच गुरुजींनी त्याला आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. तो मुलगा भीमराव आंबेडकर. पार्कापासून चालत काही मिनिटांवर चैत्यभूमी आहे. महाराजांच्या नावाचं मैदान आणि बाबासाहेबांची चैत्यभूमी यांच्यामध्ये हा केळूसकर गुरुजींचा रस्ता आहे. कोणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. पण मला त्या पाटीखालून जाताना दर वेळी बरं वाटतं.

टॅक्सी थांबली तेव्हा आठ वाजून गेले होते. आईनं काठी टेकली आणि पहिली चौकशी केली ती चिंचा-बोरं विकणाऱ्या म्हातारीची. ती नव्हती. मग आम्ही हळूहळू चालायला लागलो.

कट्टा पाहिला नसेल त्याला तो सांगणं कठीण आहे, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. मैदानाच्या कडेनं फिरणारी एक बुटकी भिंत, गुडघ्याएवढी, वर बसता येईल इतकी रुंद. एक पूर्ण फेरी म्हणजे १.१७ किलोमीटर. बाहेरच्या अंगाला झाडांखालून चालायची वाट, आतल्या अंगाला मैदान. एवढंच. पण ही भिंत बांधताना ती बुटकी ठेवायचं ज्यानं ठरवलं, त्याचे माझ्यावर उपकार आहेत. उंच असती तर ते कुंपण झालं असतं. या उंचीमुळे ती मैदान राखते आणि माणसांना बसूही देते. पाच वर्षांचं पोर तिच्यावरून धावतं, ऐंशीचे आजोबा तिच्यावर टेकतात. तिथं बसायला कुणाला काही विकत घ्यावं लागत नाही. 'किती वेळ बसणार?' असं कुणी विचारत नाही. शहरात अशा किती जागा उरल्या असतील?

कट्ट्याला दोन बाजू आहेत. वाटेकडे तोंड करून बसलं की जाणारी-येणारी माणसं दिसतात. ओळखीचे थांबतात, गप्पा होतात, लग्नं जमतात, कुणाचं काय चाललंय ते कळतं. मैदानाकडे तोंड करून बसलं की खेळ दिसतो आणि आपला चेहरा कुणाला दिसत नाही. लहानपणी संध्याकाळी मी आणि भाऊ खेळायला जायचो तेव्हा आई आणि काकू कट्ट्यावर बसायच्या. बाकीच्या सगळ्या बायका वाटेकडे तोंड करून. या दोघी मैदानाकडे. मला वाटायचं, आमच्यावर लक्ष ठेवायला.

मैदानाच्या कडेकडेनं हळूहळू एकेक गोष्ट उभी राहिली. शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, बंगाल क्लब, स्काउट हॉल, उद्यान गणेश मंदिर, मुलांची बाग, म्हाताऱ्यांसाठी नाना-नानी पार्क. बंगाल क्लबची दुर्गापूजा आमच्यासाठी नवरात्रातला मोठा कार्यक्रम असायचा. शेवटच्या दिवशी बंगाली बायका एकमेकींना सिंदूर लावायच्या, ते बघायला आजी आम्हाला घेऊन जायची. १९६६ मध्ये महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. या पुतळ्यात महाराजांच्या हातात उपसलेली तलवार नाही. हात पुढं केलेला आहे, वाट दाखवणारा. आजोबा म्हणायचे, "लढाई संपल्यावरचे महाराज आहेत हे." ते त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, पण मला पटलेलं आहे.

या सगळ्यांत माझा जीव अडकलाय तो समर्थ व्यायाम मंदिरात. मी तिथं चार वर्षं दोरीच्या मल्लखांबाला जात होते. पुरलेला मल्लखांब मुलांचा आणि दोरीचा मुलींचा, अशी तेव्हा सरळ वाटणी होती. लाकडी खांबाला एरंडेल लावलेलं असायचं, त्याचा वास संध्याकाळच्या मातीच्या वासात मिसळायचा. तो वास कुठंही आला की मी अजून आठ वर्षांची होते. खांबाचे तीन भाग. खालचं जाड अंग, वरची निमुळती मान, आणि टोकाला बोंड. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी कुस्तीला पूरक म्हणून ही विद्या पुन्हा उभी केली, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जायचं. दोरीवर चढताना हातापेक्षा पायाचं काम जास्त. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात सुती दोर पकडायचा. पहिले पंधरा दिवस तिथली कातडी सोलून निघते. गाठ कुठंच मारायची नसते. दोर अंगाभोवती असा फिरवायचा की आपलंच वजन आपल्याला धरून ठेवतं. पद्मासन जमलं त्या दिवशी जमिनीपासून दहा-बारा फुटांवर मी डोळे मिटून बसले होते. खाली क्रिकेटचा आरडाओरडा चालू होता आणि आमच्या खोलीत मला कधी मिळाला नव्हता तसा एकांत मला त्या दोरीवर मिळाला होता.

या व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी आयुष्य घातलं. देशविदेशांतल्या मुलांना मल्लखांब शिकवला, अंध मुलांनाही शिकवला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कात भरली तेव्हा मी ऑफिसातून रजा काढून गेले होते. परदेशी मुली दोरीवर चढत होत्या. त्यातली एक सोनेरी केसांची मुलगी वर जाताना अंगठा आणि बोट तसंच, अगदी तसंच दाबत होती. मला रडू आलं. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी न विचारता रुमाल पुढं केला. त्याही जुन्या विद्यार्थिनी होत्या.

क्रिकेटबद्दल मी थोडं लिहिते, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एकाच वेळी मैदानावर इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपला पाठ लावून उभा असतो. आपला चेंडू कुठला आणि परका कुठला हे आवाजावरून ओळखायला इथली मुलं शिकतात. रमाकांत आचरेकर सर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवायचे. गोलंदाजानं बाद केलं तर नाणं त्याचं, शेवटपर्यंत बाद झाला नाही तर फलंदाजाचं. तशी मिळालेली १३ नाणी सचिन तेंडुलकरनं जपून ठेवली आहेत. वांद्र्याहून रोज येणं-जाणं जमेना म्हणून तो पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला आला होता. सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी इथंच झाली असं पुष्कळ लोक सांगतात. ती १९८८ मध्ये आझाद मैदानावर झाली. इथं झाली ती तिच्या आधीची अनेक वर्षांची मेहनत. आचरेकर सर २०१९ च्या जानेवारीत गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीला, पार्काच्या पाच नंबरच्या फाटकापाशी त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. आई त्यापुढं थांबली आणि काठी बगलेत धरून तिनं हात जोडले. चाळीतली मुलं सरांकडे जायची. मैदान झाडण्यापासून त्यांची सुरुवात व्हायची, हे तिला आठवत होतं.

सभांचं मैदान म्हणून तर हे महाराष्ट्रभर माहीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत आजोबा आचार्य अत्र्यांना ऐकायला दुपारपासून जागा धरून बसायचे. बरोबर पाण्याची बाटली आणि शेंगदाणे. "झालाच पाहिजे" हे शब्द ते सत्तरीतही मूठ वळूनच उच्चारायचे. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथंच झाला, आणि दसऱ्याला इथं गर्दी होणं हे मुंबईच्या पंचांगात गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांना आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांना याच मैदानावर निरोप दिला गेला. २६ जानेवारी आणि १ मेचं राज्याचं संचलनही इथंच होतं. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना ठराविक दिवस नेमून दिले गेले. सभा ऐकत वाढलेली मी आणि भोंग्यांनी झोप उडालेले तिथले रहिवासी, दोघांचं खरं आहे. पण हे मैदान मुळात खेळाचं आहे, आणि वाद झालाच तर मी मुलांच्या बाजूनं उभी राहीन.

६ डिसेंबरला मात्र हिशेब वेगळा. त्या आठवड्यात महाराष्ट्रातून आणि बाहेरून लाखो माणसं चैत्यभूमीला येतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पांढरी साडी. ती सगळी राहतात कुठं? पार्कात. मंडप पडतात, पाण्याचे नळ लागतात, तात्पुरते दवाखाने उभे राहतात. आणि पुस्तकांचे स्टॉल. ज्या माणसाच्या पायात धड चप्पल नाही तो वाकून पुस्तकं चाळतो, किंमत विचारतो, एक ठेवतो, दुसरं घेतो आणि पिशवीत नीट घालतो. बाबा मला दर वर्षी ते बघायला न्यायचे. परभणीकडच्या एका आजीनं एकदा आम्हाला तिच्या फडक्यातली भाकरी आणि ठेचा दिला होता. ती म्हणाली, "लई मोठं अंगण हाय तुमचं." मी तेव्हा दहा वर्षांची असेन. आमच्या १० बाय १२ च्या खोलीला इतकं मोठं अंगण आहे हे मला त्या आजीमुळे कळलं.

म्हणून या मैदानावर काही 'करू या' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. इथं वाहनतळ करू या, इथं एखादं स्मारक, इथं आणखी एक कायमचं बांधकाम. प्रत्येक गोष्ट एकेकटी चांगलीच वाटते. पण ती उभी राहते तेवढ्या जागेत मग सहा डिसेंबरची आजी झोपू शकत नाही, पोरांचा सामना होत नाही. शिवाजी पार्काची सगळ्यात मोठी सोय ही तिथली न बांधलेली जमीन आहे, आणि ती कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते.

या मोकळेपणाची किंमतही द्यावी लागते. इतक्या पायांखाली गवत टिकत नाही. दसऱ्यानंतर माती सुकते, भुगा होते, आणि सकाळी अकराच्या सुमारास पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटला की तांबडी धूळ उठून समोरच्या घरांत शिरते. माझी एक मैत्रीण तळमजल्यावर राहते. तिच्या मुलाला दमा आहे. डिसेंबर ते मे तिच्या खिडक्या बंद असतात. ज्या मोकळ्या हवेसाठी हे उपनगर वसवलं, तिथं समुद्र दोनशे पावलांवर असताना खिडकी लावून बसायचं! पाणी मारण्यासाठी फवारे लावले, पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याचं काम झालं, गवत पेरून झालं. वरची माती काढून टाका अशी मागणी रहिवासी वर्षानुवर्षं करताहेत. मला वाटतं, मैदानाला विश्रांती दिल्याशिवाय हे सुटायचं नाही. शेतकरी जमीन पडीक ठेवतो तशी मैदानाची एकेक पट्टी दोन-दोन महिने आळीपाळीनं मोकळी ठेवावी, तिथं मांडव नाही, खेळही नाही. पावसाळ्यात बघा, खेळ थांबला की पंधरा दिवसांत हिरवं होतं. जमीन तयार आहे. तिला वेळ हवाय.

अर्धी फेरीसुद्धा झाली नव्हती तोच आई दमली. मी म्हटलं, नाना-नानी पार्कात चल, तिथं बाक आहेत, पाठ टेकता येईल. डॉक्टरांनी खाली बसू नको म्हणून सांगितलेलं, आणि कट्टा बुटका. ती ऐकेना. एका पर्जन्यवृक्षापाशी थांबली, झाडाकडे बघितलं, मागच्या इमारतीकडे बघितलं, आणि म्हणाली, "इथंच."

"इथंच काय?"

"मी नि शैला इथं बसायचो."

शैला म्हणजे काकू. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

मग उभ्या उभ्याच, काठीवर दोन्ही हात ठेवून, आईनं मला सांगितलं. लग्नानंतरच्या पाच वर्षांत काकूची तीन बाळंतपणं अर्ध्यावर मोडली. आठ माणसांच्या खोलीत त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. सासूसमोर नाही, दिरासमोर नाही, आम्हा मुलांसमोर तर नाहीच. काकू दिवसभर स्वयंपाक करायची, हसायची, माझ्या वेण्या घालायची. संध्याकाळी आई म्हणायची, "आम्ही भाजी आणतो." दोघी पिशवी घेऊन निघायच्या, पोरांना मैदानात सोडायच्या, आणि मैदानाकडे तोंड करून बसायच्या. काकू रडायची. समोर शे-दोनशे पोरं ओरडत असायची, त्यामुळे आवाज कळायचा नाही. मागून चालणाऱ्यांना दोन बायकांच्या पाठी दिसायच्या.

"मी काय बोलणार? मी नुसती बसायचे," आई म्हणाली. "अंधार पडला की उठायचो. भाजी घ्यायची राहूनच जायची कितीदा. सासूबाई एकदाही बोलल्या नाहीत त्यावरून. त्यांना कळत असणार."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दोघी माझा खेळ बघताहेत.

कट्टा तुटतो तिथल्या वाटेनं आई आत गेली. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. आतल्या बाजूनं मातीवरून दहा-बारा पावलं मागं आली, त्या झाडाच्या समोर, काठी कट्ट्याला टेकवून ठेवली आणि दोन्ही तळवे मागं दगडावर ठेवून हळूहळू खाली टेकली. ऑपरेशन झालेला पाय पुढं सरळ ठेवला. शेजारी एका माणसापुरती जागा सोडली. मी त्या जागेच्या पलीकडे बसले. समोर कुठल्यातरी शाळेच्या मुलांचा सामना सुरू झाला होता. पांढऱ्या कपड्यांतला एक लहानगा सीमारेषेवर आमच्याकडे पाठ करून उभा होता, चेंडूची वाट बघत.